दिवाडीची तक्रार

नार्व्याच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट.
बॅगेत स्क्रूड्रायव्हर, दुहेरी टेप, एक जास्तीचा अडॅप्टर,
आणि फोनमध्ये एल्विनोचा मेसेज, पहाटे तीन सतराचा,
कुठल्याशा बंदरातून:
"अ‍ॅपमध्ये एसी चालू दिसतो, चोवीसवर.
पण मम्मीची खोली रात्रभर एकतीस. जाऊन बघशील?"

तो हब मीच बसवला होता,
मागच्या खेपेला जहाजावरून तो घरी आला तेव्हा.
बिस्किटाएवढा काळा डबा.
जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण दाबायचं,
मग तो शिकतो: चालू, बंद, पंखा, गारवा.
एल्विनो हसून म्हणाला होता,
"आता मी भर समुद्रात असलो तरी ही खोली माझ्या हातात."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी
की हा प्रकाश नुसता बोलतो,
एसी त्याला कधीच उत्तर देत नाही.
अ‍ॅपमध्ये दिसतं ते आपण काय सांगितलं ते,
समोरच्यानं काय केलं ते नव्हे.
पण गिऱ्हाईक खूश असताना
असलं कोण सांगत बसतं?

क्रिस्पिनाबाय बलकांवात बसली होती,
सुपात फणसाच्या आठळ्या.
"यो रे पुता, च्या घेतलो?"

खोलीत सगळं जागच्या जागी.
हबचा दिवा हिरवा, वायफाय बरं.
मी फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला, बटण दाबलं,
आणि डोळ्याला एरवी न दिसणारं ते
पडद्यावर जांभळं लुकलुकलं.
वर भिंतीवर: टीं.
पाती उघडली. गार झोत थेट माझ्या मानेवर.
मग बिघाड कुठे आहे?

दारातून ती आत आली.
फ्रॉकच्या खिशातून जुना रिमोट काढला,
पाठीला चिकटपट्टी लावलेला,
आणि बंद केलं.
टीं.

"रोज रात्री साडेदहाला हा वाजतो," ती म्हणाली.
"मी विचारते, कोण, एल्विनो? जेवलास?
आणि मग बंद करते.
थंडीनं माझे गुडघे धरतात रे.
खिडकी उघडली की नदीवरचं वारं येतं, ते पुरे."
सुपातली एक आठळी तिनं उगाच इकडची तिकडे केली.
"त्याला सांगू नको हं.
सांगितलंस तर तो वाजवायचा बंद होईल."

खालून चहाची बशी आली, तिच्यावर दोन चकल्या.
चहा पिता पिता मी बघत होतो,
हबच्या शेपटीला असते ती बारीक वायर,
तिच्या टोकाशी दाण्याएवढा सेन्सर.
तोच बिचारा खरं बोलत होता, एकटा.

खिडकीशी तिची गुर्गुलेत होती,
मातीची, पाण्यानं भरलेली, अंगभर घामेजलेली.
वायर मी पडद्यामागून नेली
आणि तो दाणा तिच्या पोटाशी टेकवून ठेवला.
एकतीस. तीस. अठ्ठावीस.
आम्ही दोघं फोनवर वाकून बघत राहिलो,
दूध उतू जायची वाट बघावी तसे.
सव्वीसवर तो थांबला.

"रात्री भरून ठेवायची मात्र," मी म्हणालो.
"ती तर मी भरतेच," ती म्हणाली,
थोडी रागावूनच.

परतीच्या बोटीत मेसेज केला: "आता ठीक आहे."
बिलात लिहिलं: सेन्सरची जागा बदलली. मजुरी नाही.
पायाशी तिनं दिलेली पिशवी, आठळ्यांची,
गरम लोखंडावर कोणीतरी पाणी मारत होतं.

ओलावा मात्र आता नव्वद टक्के दाखवतोय.
विचारलंच त्यानं, तर म्हणेन,
बेट आहे बाबा,
चारी बाजूंनी पाणी.